खुंटीपासून किती अंतरावर उभे राहावे : उद्योजक मन घडवण्याचा वर्षभराचा सराव

उद्योजकता विकासाच्या प्रशिक्षणात सुरुवातीच्या दिवसांत बहुधा एक साधा खेळ घेतला जातो. जमिनीवर एक खुंटी उभी केलेली असते, प्रत्येकाच्या हातात काही कड्या दिल्या जातात आणि कडी कितीही अंतरावरून फेकण्याची मुभा असते. अंतर वाढेल तसे गुण वाढतात. मात्र कडी खुंटीत पडली नाही तर शून्य. काहीजण खुंटीला जवळजवळ खेटून उभे राहतात आणि सगळ्या कड्या घालून थोडेसे गुण मिळवतात. काहीजण भिंतीला पाठ लावून फेकतात, एकही कडी पडत नाही आणि नशिबाला हसून जागेवर येऊन बसतात. थोडे लोक मात्र मधल्या अंतरावरून पहिली कडी फेकतात, ती कुठे पडली हे नीट पाहतात आणि त्यानुसार एक पाऊल पुढे किंवा मागे सरकून दुसरी फेकतात. प्रशिक्षक या तिसऱ्या प्रकारच्या माणसांकडे लक्ष ठेवून असतो.

या खेळामागचा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने आंध्रातील काकीनाडा येथील छोट्या व्यापाऱ्यांना असे प्रशिक्षण दिले आणि पुढची काही वर्षे त्यांच्या व्यवसायांकडे लक्ष ठेवले. प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत या व्यापाऱ्यांची धडपड, नवी गुंतवणूक आणि नव्या माणसांना दिलेले काम वाढलेले दिसले. उद्योजक जन्मावा लागतो, हा समज त्या प्रयोगाने बराच सैल केला. आजही आपल्याकडील प्रशिक्षणांत हा खेळ टिकून आहे तो त्यामुळेच.

अडचण पुढे आहे. खेळ तासाभरात संपतो, प्रमाणपत्र मिळते आणि कर्नाटकातील आपल्या सीमाभागातला, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीचा तरुण घरी परततो. अंतर ठरवणे, फेकणे, मोजणे आणि पुन्हा अंतर बदलणे या चार क्रिया त्याने वर्षभर स्वतःवर चालू ठेवल्या तरच त्याचे मन उद्योजकाचे होते; एरवी प्रमाणपत्राला चौकट करून भिंतीवर लावण्यापलीकडे त्या दिवसांचा उपयोग उरत नाही. या लेखात तो सराव कसा करावा हे सांगितले आहे.

पहिला महिना : फक्त वही

कोणत्याही प्रशिक्षणाला नाव घालण्यापूर्वी तीस दिवस एक वही लिहावी. साधी दोनशे पानी वही पुरेशी आहे. मोबाइलमधील ॲप चालेल, पण हाताने लिहिलेले डोक्यात अधिक राहते, असा माझा अनुभव आहे. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या. दिवसभरात रोख किती आली आणि किती गेली, ही पहिली. आज नव्याने कोणाला काही विचारले, म्हणजे दर, काम, सल्ला किंवा उधारीची वसुली, ही दुसरी. तिसरी सर्वांत अवघड : आज करायचे ठरवले होते पण टाळले असे काय, आणि का टाळले.

तिसऱ्या रकान्यात पहिला आठवडाभर लोक ‘वेळ मिळाला नाही’ एवढेच लिहितात. दुसऱ्या आठवड्यात खरी कारणे येऊ लागतात : दुकानदार नाही म्हणेल अशी भीती वाटली, बँकेतील साहेब कन्नडमध्ये बोलतील म्हणून गेलो नाही, मामांनी काय म्हटले असते याचा विचार आला. महिन्याच्या शेवटी ही वही वाचली की आपल्याला कोणते प्रशिक्षण हवे आहे ते कोणी सांगावे लागत नाही. एखाद्याला यंत्रावरचे कौशल्य पुरेसे असते आणि बोलण्याचे नसते. एखाद्याला बोलणे उत्तम येते पण महिनाअखेरीस पैसा कुठे गेला हे सांगता येत नाही.

ज्यांच्या घरी आधीच धंदा आहे, मग तो बेळगावातील वडगाव-शहापूरचा माग असो की घरगुती चकली-लोणच्याचा, त्यांनी याच महिन्यात घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा वेगळा करावा. दोन डबे केले तरी चालतील. आपल्या भागात पिग्मी, म्हणजे एजंटाकडे रोजची छोटी ठेव, भरण्याची सवय घराघरांत आहे. रोज थोडे बाजूला काढायचे आणि ते विसरून जायचे, हे शिस्तीचे शिक्षण आपल्याला एजंटाने फार पूर्वीच दिले आहे. तीच पद्धत इथे वापरायची आहे, फक्त पैशाबरोबर नोंदही भरायची.

प्रशिक्षण कोणते घ्यावे

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या योजनेतून देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत त्या त्या अग्रणी बँकेमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवल्या जातात. या कल्पनेचे मूळ कर्नाटकातच आहे. धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा या दोन बँकांच्या सहभागाने १९८२ साली उजिरे येथे अशी पहिली संस्था सुरू झाली आणि पुढे केंद्र सरकारने तोच नमुना सर्वत्र नेला. प्रशिक्षण मोफत असते, निवासी असल्यास राहण्या-जेवणाची सोय असते, आणि महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षण संपल्यानंतर साधारण दोन वर्षे पाठपुरावा करणे ही संस्थेची जबाबदारी असते. बहुतेक प्रशिक्षणार्थी या शेवटच्या तरतुदीचा फायदा घेतच नाहीत. संस्थेतून बाहेर पडताना पाठपुराव्यासाठी कोणाला भेटायचे ते विचारून घ्यावे आणि दर तीन महिन्यांनी आपली वही घेऊन स्वतःहून जावे.

धारवाड येथील कर्नाटक उद्योजकता विकास केंद्र आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडूनही वेळोवेळी कार्यक्रम घेतले जातात. कोणत्याही कार्यक्रमाला जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : प्रत्यक्ष विक्री करून दाखवण्याचा भाग यात आहे का, हिशोब आणि दर काढणे शिकवले जाते का, आणि संपल्यानंतर कोण विचारपूस करणार आहे. तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर ते भाषण आहे, प्रशिक्षण नव्हे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका हॉटेलच्या सभागृहातील दोन दिवसांच्या महागड्या शिबिराला गेलो होतो. टाळ्या पुष्कळ वाजवल्या, निखाऱ्यावरून चालायचेच तेवढे राहिले होते. पुढच्या सोमवारी माझ्याकडे एकाही ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक नव्हता, पण वक्त्याच्या पुढच्या शिबिराची पत्रिका मात्र होती.

तीन महिन्यांचा एक डाव

प्रशिक्षणानंतरचा काळ तीन-तीन महिन्यांच्या डावांत वाटावा. प्रत्येक डावासाठी एकच लक्ष्य ठरवावे, ते आकड्यांत असावे, आणि साध्य होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास वाटावी. नक्की जमेल असे वाटत असेल तर आपण खुंटीला खेटून उभे आहोत. मुळीच जमणार नाही असे वाटत असेल तर भिंतीपाशी गेलो आहोत.

उदाहरणादाखल बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एखादा शेतकरी तरुण घेऊ. तिथे रताळ्याचे पीक मोठे आहे आणि बहुतेक माल पोत्यांत भरून थेट बाजार समितीत जातो. ‘रताळ्याच्या प्रक्रियेचा मोठा कारखाना काढायचा’ हे भिंतीपासूनचे फेकणे झाले. ‘पुढच्या तीन महिन्यांत रताळी धुऊन, प्रतवारी करून, पाच किलोच्या पिशव्यांत बेळगावातील आठ किराणा दुकानांत ठेवायची आणि त्यांपैकी निदान चार दुकानांकडून दुसऱ्यांदा मागणी मिळवायची’ हे मधले अंतर आहे. यात दुसऱ्यांदा आलेली मागणी हीच खरी मोजमापाची गोष्ट. पहिली पिशवी ओळखीवर खपते, दुसरी मालावर. नवरात्र किंवा महाशिवरात्रीच्या उपवासांआधी डाव सुरू केला तर मागणी अधिक दिसेल, पण तो आकडा वर्षभराचा धरू नये, हेही वहीत लिहून ठेवावे.

हाच तरुण पुढे रताळ्याचे वेफर्स करून चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा गोव्याला पाठवायचे म्हणेल, तेव्हा सीमाभागातील उद्योजकाला हमखास नडणारी एक बाब समोर येते. राज्यांतर्गत माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर, काही हस्तकला वस्तूंसारखे अपवाद सोडता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते, आणि त्यासाठी कंपोझिशन योजनेचा, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याचा, सोपा मार्गही उपलब्ध नसतो. ताजी रताळी करमुक्त असल्याने त्यांना ही अट लागत नाही, वेफर्सना लागते. शिवाय खाद्यपदार्थासाठी अन्नसुरक्षा नोंदणी हवी. सीमेपलीकडची शिनोळी आपल्याला शेजारच्या गल्लीसारखी वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने तिथला ग्राहक परराज्यातला आहे. त्यामुळे पहिले दोन डाव कर्नाटकातच खेळावेत आणि तिसऱ्यात नोंदणीसह सीमा ओलांडावी.

सैन्यातून परतणाऱ्यांसाठी इथे थोडे विषयांतर करतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने आणि गावोगावी भरतीची परंपरा असल्याने निवृत्त जवान आपल्या भागात मोठ्या संख्येने आहेत. शिस्त, वेळेचे भान आणि कष्ट हे त्यांना शिकवावे लागत नाही. मात्र लक्ष्य वरून मिळण्याची सवय असल्याने अंतर स्वतः ठरवणे त्यांना जड जाते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरांना चार वर्षांनंतर सेवानिधी म्हणून सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलाच्या हातात एकरकमी पैसा येतो. अशा वेळी नातेवाईक हॉटेल, ट्रक आणि प्लॉट घेऊन दारात उभे राहतात. पहिल्या सहा महिन्यांत त्या रकमेच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक कशातही गुंतवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

नकार मोजण्याचा सराव

विक्री शिकण्यासाठी आठवड्याला दहा अनोळखी माणसांना विचारण्याचा नियम ठेवावा. वहीत होकार लिहायचेच, पण नकाराचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. ‘नको’ आणि ‘दर जास्त आहे’ आणि ‘तुमचा माल दर आठवड्याला येईल याची खात्री काय’ हे तीन वेगवेगळे नकार आहेत. त्यांपैकी तिसरा हा जवळजवळ होकारच आहे.

याबाबतीत आपल्या मातीतील उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आहे. त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईत शिक्षकाची नोकरी करीत असतानाच त्यांनी १८८८ मध्ये भाऊ रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलचे दुकान काढले. नोकरी न सोडता दुकान चालवून पाहणे हेही मधलेच अंतर होते, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिली दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळाले नाही, असे सांगितले जाते. त्यानंतर बेळगावातील जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर नव्याने सुरुवात झाली. दोन वर्षांच्या त्या नकारातील उपयोगी गोष्ट ही की तो किमतीबद्दल नव्हता, भीतीबद्दल होता. आणि भीतीला सवलत देऊन उत्तर मिळत नाही, शेतात नांगर चालवून दाखवावा लागतो. तुमच्या वहीतील नकार कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यासाठीच तो शब्दशः लिहायचा.

दर काढण्याचे शिक्षण

या भागावर मी मुद्दाम अधिक जागा खर्च करतो आहे, कारण आत्मविश्वास कमी पडून बुडालेले उद्योग मी कमी पाहिले आणि चुकीच्या दराने बुडालेले अधिक. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एक लेथ (धातू कातण्याचे यंत्र) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे काम मजुरीवर, करणारा नवखा माणूस दर कसा ठरवतो, तर शेजारच्या शेडमध्ये चौकशी करून त्यातून पाच रुपये कमी करतो. आपण तो हिशोब एकदा पूर्ण करून पाहू. आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत.

यंत्र ६ लाखांचे, आयुष्य दहा वर्षे, महिन्याला २०० तास म्हणजे वर्षाला २,४०० तास काम धरले तर घसारा ताशी २५ रुपये. त्या रकमेवर ११ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ६६,००० आणि ताशी साडेसत्तावीस. कामगाराचा पगार १८,००० धरला तर ताशी ९०, शेडचे भाडे ८,००० तर ताशी ४०. हे चारही खर्च यंत्र बंद असले तरी चालूच राहतात. त्यांची बेरीज ताशी १८२.५० रुपये. त्यात विजेचे २४ आणि टूलचे २० मिळवले की २२६.५० होतात. नवखा माणूस इथे थांबतो आणि २३० दर लावून आपण नफ्यात आहोत असे समजतो.

परंतु पहिल्या वर्षी यंत्र २०० तास चालत नाही. काम नसते, वीज जाते, कास्टिंग वेळेवर येत नाही. प्रत्यक्षात १५० तासच चालले तर बंद न होणारे महिन्याचे ३६,५०० रुपये १५० तासांवर पडतात, म्हणजे ताशी २४३ रुपये, आणि वीज व टूलचे ४४ मिळवून खर्च सुमारे २८७ रुपये होतो. तो प्रत्येक तासाला ५७ रुपये स्वतःच्या खिशातून घालतो आहे, आणि अजून त्याने स्वतःच्या कष्टांचा पगार धरलेलाच नाही. दिवसभर यंत्र फिरते, हात काळे होतात, त्यामुळे धंदा जोरात आहे असे घरच्यांनाही वाटते.

हाच हिशोब कुंदा ही दुधाची मिठाई करणाऱ्या घरगुती व्यावसायिकाने दुधाचे लिटर आणि गॅसचे तास घालून, अथणीच्या चप्पल कारागिराने चामडे आणि एका जोडाला लागणारे तास घालून करावा. कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत. पण त्या नावाचा अधिक दर मागण्यासाठी आपल्या एका जोडाचा खर्च किती, हे आधी आपल्याला माहीत असावे लागते. प्रत्येक डावाच्या शेवटी हा तक्ता नव्या आकड्यांनी पुन्हा लिहावा.

उधारीचे शिक्षणही याचाच भाग आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे. ती असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. कायद्याचा धाक दाखवून ग्राहक तोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि देय तारीख छापण्याने मागण्याचा संकोच निम्मा कमी होतो.

आकड्यांची भिशी

एकट्याने वही लिहिणे तिसऱ्या महिन्यात थांबते. त्यासाठी सहा ते आठ जणांची भिशी करावी, जिथे पैसे नव्हे तर आकडे आणायचे. महिन्यातून एकदा, प्रत्येक वेळी वेगळ्या सदस्याच्या शेडमध्ये, दुकानात किंवा घरी दोन तास बसावे. प्रत्येकाने उभे राहून चार ओळी वाचाव्यात : लक्ष्य काय होते, किती झाले, सर्वांत मोठी चूक कोणती, पुढचे अंतर किती. त्यानंतर ज्याच्या जागी बसलो आहोत त्याच्या एकाच अडचणीवर उरलेला वेळ द्यावा. एकाच धंद्यातील दोघे नसावेत, म्हणजे आकडे खरे येतात. स्त्रिया असाव्यात, स्त्री शक्ती या महिला बचत गटांतून वसुलीची सवय लागलेल्या बायका हिशोबात पुरुषांना सहज मागे टाकतात. निदान दोघे कन्नड भाषिक असावेत. भाषणाला बंदी असावी आणि चहा यजमानाचा.

भाषा हेही कौशल्य

बेळगावच्या रविवार पेठेत एकाच गाळ्यावर तासाभरात मराठी, कन्नड, हिंदी आणि कोकणी ऐकू येते, आणि घाऊक व्यापारी चारही भाषांत भाव करतो. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला मात्र कार्यालयातील कन्नड अर्ज पाहून घाम फुटतो. भाषेच्या प्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो. धंद्यासाठी कन्नड वाचता येणे हे लेथवरचे मोजमाप वाचता येण्यासारखेच आहे. सहा महिने रोज वीस मिनिटे द्यावीत. आधी अंक आणि अक्षरे, मग अर्जांवर नेहमी येणारे शंभर-दोनशे शब्द. दिनांक, अर्जी, सही हे शब्द तर आपलेच निघतात. ‘बड्डी’ म्हणजे व्याज आणि ‘कंतु’ म्हणजे हप्ता. आणि ‘साल’ म्हणजे वर्ष नव्हे तर कर्ज, हे वेळेवर कळलेले बरे. कोल्हापूर-सांगलीच्या बाजारासाठी आपली मराठी आहेच, पण दरपत्रक शुद्ध आणि स्वच्छ लिहिण्याचा सराव तिथेही करावा लागतो.

कर्ज कधी

दोन डाव पूर्ण होऊन सहा महिन्यांची वही हातात आल्यावरच कर्जाचा विचार करावा. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उद्योजकता प्रशिक्षण ही अटच होती, आणि सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, तर विशेष गटांना ५ टक्के स्वतःचा वाटा घालावा लागे. मुद्रा, अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, आणि चर्मकार, कुंभार, शिंपी अशा अठरा व्यवसायांसाठीची विश्वकर्मा योजना यांतले आपल्याला काय लागू पडते ते अर्ज करण्याच्या वेळी चालू नियम पाहून ठरवावे. अनुदान मिळते म्हणून धंदा निवडू नये. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर एजंटाने तयार केलेल्या चकचकीत प्रकल्प अहवालाबरोबर आपली मळलेली वहीही ठेवावी; अहवालातील आकडा कुठून आला असे त्याने विचारले तर बोट ठेवून दाखवायला पान असावे.

वर्ष संपताना

चार डाव संपले की एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा आणि पहिल्या महिन्यातील ‘टाळले’ हा रकाना शेवटच्या महिन्यातील त्याच रकान्याशेजारी ठेवून वाचावा. विक्री किती वाढली यापेक्षा या दोन पानांतील फरक अधिक सांगतो. तीच कारणे तशीच दिसत असतील, उदाहरणार्थ वसुलीचा फोन अजूनही टाळला जात असेल, तर पुढच्या वर्षाचे पहिले लक्ष्य तेच. एखादा डाव पूर्ण फसला असेल तर त्याचे पान फाडू नये. भिशीत तेच पान आधी वाचावे.

दिवाळी पाडव्याला आपल्याकडे दुकानांतून नव्या चोपड्या पूजतात. या सरावाची नवी वही त्याच दिवशी उघडावी, आणि पहिल्या पानावर शुभ-लाभाखाली पुढच्या तीन महिन्यांचे एक लक्ष्य, आकड्यांत, तारखेसह लिहावे. जुनी वही हाताशी ठेवावी, कारण रताळ्याचा पुढचा हंगाम आल्यावर आठ दुकानांपैकी दुसऱ्यांदा मागणी कोणत्या चार दुकानांनी दिली होती, हे तिच्यातच सापडणार आहे.